लेव्हल पार झाली, पण ओपीडी कुठंय?

हॉस्टेलच्या खोलीत रात्री अकरानंतर काय चालतं, हे सांगायला पत्रकार लागत नाही. चौघंजण एका कॉटवर, चार्जर एकच, आणि बीजीएमआय नाहीतर फ्री फायर. हरलो की नेटवर्कला शिव्या, जिंकलो की आपलं स्किल. गेमचा आपल्याला पाठ असलेला नियम एवढाच, की हात बसला की लेव्हल पार होते.

आज तुम्हाला अशा एका गेमबद्दल सांगायचंय, जिच्यात हात कितीही बसला तरी फार उपयोग नाही. तिचं नाव 'डिस्फोरिया'. इंग्रजीत लिहिताना नावाच्या मध्ये 4 हा आकडा टाकलाय. 2012 मध्ये अ‍ॅना अँथ्रॉपी या अमेरिकन गेम-डिझायनरनं ती बनवली. अ‍ॅना ट्रान्स स्त्री आहे, म्हणजे जन्मावेळी 'मुलगा' अशी नोंद झालेली, पण स्वतःला बाई म्हणून ओळखणारी. तिनं हार्मोनचे उपचार सुरू केले, त्या काही महिन्यांची ही गोष्ट. बंदुका नाहीत, गाड्या नाहीत, स्कोअर नाही. जुन्या टीव्ही गेमसारखी ठोकळ्या-ठोकळ्यांची चित्रं, आणि काही सेकंदांचे छोटे छोटे खेळ एकामागून एक. अख्खी गेम चहा पिता पिता संपते.

सुरुवातीलाच एक वेडावाकडा ठोकळा येतो. समोर भिंत, भिंतीत फट. ठोकळा फटीतून पलीकडे न्यायचा. तुम्ही वर न्या, खाली न्या, कुठूनही घुसवा, तो बसत नाही. कारण फट त्याच्यासाठी केलेलीच नाही. पुढं दवाखाना येतो. डॉक्टर म्हणतात, तुमचं ब्लडप्रेशर जास्त आहे, आधी ते खाली आणा, मग हार्मोनचं बघू. म्हणजे एका औषधासाठी आलेल्या माणसाला आधी दुसरं औषध, आणि पुन्हा खेटे. शेवटच्या भागाचं नाव 'आता बरं होईल?' अशा अर्थाचं आहे. त्यातलं प्रश्नचिन्ह तिनं मुद्दाम ठेवलंय.

सिनेमात आपण दुसऱ्याला वाट बघताना बघतो. गेममध्ये बटण आपल्या बोटाखाली असतं. आपण दाबतो आणि काहीच होत नाही. पुन्हा दाबतो, तरी नाही. 'माझं कुठं चुकतंय?' असा प्रश्न पडतो, आणि मग लक्षात येतं की खेळणाऱ्याचं काही चुकत नाहीये, लेव्हलच तशी बनवलीय. ट्रान्स माणसांच्या उपचारांचा प्रश्न समजून घ्यायला ही एक गोष्ट कळली तरी पुष्कळ झालं.

आणखी दोन गेमची नावं सांगते. 'टेल मी व्हाय' ही 2020 ची गेम. तिचा नायक टायलर हा ट्रान्स पुरुष आहे, आणि त्याला आवाज दिलाय तोही ट्रान्स अभिनेत्यानं. मोठ्या कंपनीच्या गेममध्ये असा नायक तोवर जवळपास नव्हताच. टायलर दहा वर्षांनी अलास्कातल्या आपल्या छोट्या गावी परत येतो. सगळे सगळ्यांना ओळखतात, असं गाव. भूम-वाशीच्या पोरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. दुसरी 'सेलेस्ट', डोंगर चढणाऱ्या मॅडेलिनची. ही मुलगी ट्रान्स आहे, हे गेम बनवणाऱ्या मॅडी थॉर्सननं 2020 मध्ये जाहीरपणे लिहिलं. गेमच्या अगदी शेवटी मॅडेलिनची खोली दिसते. टेबलावर छोटा झेंडा, आणि औषधाची एक बाटली. कसली ते गेम सांगत नाही. गाजावाजा नाही, रडारड नाही. ज्याला उपचार मिळतात, त्याच्या आयुष्यात औषध ही एवढीच गोष्ट असते, टेबलावरची एक बाटली. ज्याला मिळत नाहीत, त्याचं अख्खं आयुष्य त्या बाटलीभोवती फिरत राहतं.

हीच गेम धाराशिवात लावून बघा

समजा, कळंब किंवा परंड्याकडचा एक पोरगा आहे. एकोणीस-वीस वर्षांचा. शाळेच्या दाखल्यावर मुलगी आहे, पण आतून त्याला लहानपणापासून ठाऊक आहे की आपण मुलगा आहोत. आपल्याकडं 'तृतीयपंथी' म्हटलं की डोळ्यांसमोर येतात त्या टाळी वाजवणाऱ्या, नाहीतर जत्रेत परडी घेऊन आलेल्या व्यक्ती. येरमाळ्याच्या यात्रेत, तुळजापुरात आराधी-जोगत्यांना आपण हात जोडतो. पण असा पोरगाही ट्रान्स असतो, हे कुणाच्या गावीही नसतं. आणि हेही लक्षात ठेवा, की प्रत्येक ट्रान्स व्यक्तीला हार्मोन किंवा ऑपरेशन हवंच असतं असं नाही. सर्वोच्च न्यायालयानं 15 एप्रिल 2014 च्या नालसा निकालात सांगितलं, की माणसाची लिंगओळख त्यानं स्वतः ठरवायची, त्यासाठी ऑपरेशनची सक्ती करता येणार नाही. पण या पोराला उपचार हवेत. मग त्याच्या लेव्हल अशा:

पहिली लेव्हल, जायचं कुठं? त्याला आधी मानसोपचारतज्ज्ञाशी बोलावं लागेल. मग एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचा डॉक्टर. मग रक्ताच्या तपासण्या, त्याही एकदा करून संपत नाहीत, ठरावीक महिन्यांनी पुन्हा. गावातून तालुक्याला, तालुक्यातून धाराशिवला, तिथून 70 किलोमीटरवर सोलापूर, नाहीतर रात्रीच्या गाडीनं पुणे-मुंबई. तिकीट, एक बुडालेला दिवस, आणि घरी सांगायला एक थाप. दर खेपेला नवी थाप.

दुसरी लेव्हल, केसपेपर. खिडकीवर नाव मोठ्यानं विचारतात. मागं वीस माणसं उभी. दाखल्यावरचं नाव सांगितलं तर समोरचा चेहरा आणि नाव जुळत नाही. स्वतःचं नाव सांगितलं तर आधार कार्ड जुळत नाही. 'पुरुष की स्त्री?' ॲडमिट व्हायची वेळ आली तर कुठला वॉर्ड? साधा डेंग्यू झाला तरी ही लेव्हल चुकत नाही. पुष्कळ जण इथूनच परत फिरतात, आणि दुखणं अंगावर काढतात.

तिसरी लेव्हल, डॉक्टरांची केबिन. डॉक्टर वाईट असतात असं नाही. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? 2024 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं न्यायवैद्यकशास्त्राच्या अभ्यासक्रमात समलिंगी संबंधांना पुन्हा 'अनैसर्गिक' गुन्ह्यांच्या रांगेत नेऊन बसवलं होतं. टीका झाली, आणि काही दिवसांत त्या सूचना मागं घ्याव्या लागल्या. मागं घेतल्या हे बरंच झालं. पण मुळात अशा सूचना निघू शकतात, यावरून पुस्तकातली हवा कळते.

चौथी लेव्हल, कागद. 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायद्यानं ओळखपत्र देण्याचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडं दिलं. अर्जासाठी 2020 मध्ये राष्ट्रीय पोर्टल सुरू झालं. ऑपरेशननंतर नोंद बदलायची तर वैद्यकीय अधिकाऱ्याच्या दाखल्यासह पुन्हा अर्ज. प्रत्येक योजनेच्या दारावर हाच कागद विचारतात. म्हणजे ठोकळा फटीतून न्यायचा तर आधी कागदाचा ठोकळा बसवा.

पाचवी लेव्हल, पैसा. ऑगस्ट 2022 मध्ये केंद्र सरकारनं 'आयुष्मान भारत टीजी प्लस' जाहीर केलं. ओळखपत्र असलेल्या ट्रान्स व्यक्तीला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचं विमा संरक्षण, त्यात हार्मोनचे उपचार आणि शस्त्रक्रियाही. योजना चांगली आहे. पण आपल्या जिल्ह्यात किती जणांना ती माहीत आहे? तुमच्या गावच्या आशाताईंना विचारून बघा.

कायदा काय म्हणतो?

2019 च्या कायद्याचं कलम 15 वाचा. अर्ध्या पानाचं आहे. त्यात लिहिलंय की सरकारनं ट्रान्स व्यक्तींसाठी हार्मोन उपचारांची आणि शस्त्रक्रियेची सोय करावी, त्याआधी आणि नंतर समुपदेशन द्यावं, डॉक्टरांच्या अभ्यासक्रमाचा आढावा घ्यावा, दवाखान्यात सहज प्रवेश मिळेल असं बघावं, आणि विम्याची तजवीज करावी. म्हणजे वरच्या जवळजवळ प्रत्येक लेव्हलचं उत्तर कायद्यात आहे. गेमच्या भाषेत सांगायचं तर नियमपुस्तिका झकास छापलीय, गेम मात्र अजून लोड व्हायचीय.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 40,891 जणांची नोंद 'इतर' या रकान्यात झाली. ज्यांनी घरच्यांच्या भीतीनं 'पुरुष' किंवा 'स्त्री' लिहू दिलं, ते यात नाहीत. म्हणजे हा आकडा तळाचा धरायचा.

शेजारच्या बीडची गोष्ट

कुणाला वाटेल, हे सगळं पुण्या-मुंबईचं खूळ आहे. मग आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात बघा. माजलगावचे पोलीस शिपाई ललित साळवे. पोलिसात भरती झाली तेव्हा कागदावर ते महिला शिपाई होते. 2017 मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. अंगात आलेली लहर नव्हती ती, तपासण्या झाल्या होत्या, डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण भरती महिला म्हणून झालेली, आणि पुरुष शिपायाचे उंची-वजनाचे निकष वेगळे, म्हणून खात्यानं नकार दिला. साळवे मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालय म्हणालं, हा नोकरीतला प्रश्न आहे, प्रशासकीय न्यायाधिकरणाकडं जा. अर्ज, वकील, मुंबईच्या चकरा, टीव्हीवर चर्चा, गावात कुजबुज. अखेर 2018 मध्ये सरकारनं परवानगी दिली आणि मे महिन्यात मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. पुढं 2020 पर्यंत आणखी दोन. त्यांची नोकरी टिकली, लग्न झालं, आता ते एका मुलाचे बाप आहेत.

या गोष्टीचा शेवट गोड आहे, म्हणून आपण ती आवडीनं सांगतो. मला त्यातली मधली लेव्हल महत्त्वाची वाटते. एका माणसाला उपचारासाठी रजा हवी होती. एवढ्याचसाठी उच्च न्यायालयापासून मंत्रालयापर्यंत अख्खी यंत्रणा हलवावी लागली. साळवे यांच्याकडं सरकारी पगार होता, चिकाटी होती, आणि प्रकरण पेपरात गाजलं. ज्याच्याकडं यातलं काहीच नाही, त्याची लेव्हल कोण पार करणार? दरवेळी एखादा ललित साळवे लागत असेल, तर त्याला व्यवस्था म्हणता येत नाही.

सोयी अजिबातच झाल्या नाहीत असं नाही. 2023 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात ट्रान्स रुग्णांसाठी 30 खाटांचा वेगळा वॉर्ड सुरू झाला. हैदराबाद, कल्याण आणि पुण्यात 'मित्र क्लिनिक' चालत होती. ट्रान्स कर्मचारीच तिथं काम करायचे, त्यामुळं केसपेपरची दुसरी लेव्हल तिथं नव्हतीच. पण ही क्लिनिक अमेरिकी मदतीच्या पैशावर होती. 2025 च्या सुरुवातीला वॉशिंग्टनमध्ये परदेशी मदत थांबवण्याचा निर्णय झाला आणि पुण्यातलं दार बंद झालं. आपल्या विभागातल्या माणसाचा दवाखाना सातासमुद्रापलीकडच्या सहीवर टांगलेला असणं, ही कुठल्याच गेममध्ये न सुचलेली लेव्हल आहे.

दार बंद असलं की माणूस गप्प बसत नाही, मागच्या वाटेनं जातो. कुणीतरी सांगितलेल्या गोळ्या मेडिकलमधून घेतो, डोस अंदाजानं ठरवतो. इस्ट्रोजेन तपासणीशिवाय घेतलं तर रक्तात गुठळ्या होण्याचा धोका असतो. टेस्टोस्टेरॉन जास्त झालं तर रक्त घट्ट होतं. काही ठिकाणी तर शस्त्रक्रियाही अशिक्षित हातांनी, भुलीशिवाय होत आल्या आहेत. गेममध्ये चूक झाली की 'पुन्हा सुरू करा' असं बटण येतं. शरीराला तसलं बटण नाही.

गेम खेळली म्हणजे झालं का?

आता एक अडचणीचा मुद्दा. 'जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे' असं आपल्याकडं म्हणतात. मग दहा मिनिटं गेम खेळली, तर कळलं का? खुद्द अ‍ॅना अँथ्रॉपीचं उत्तर 'नाही' असं आहे. तिची गेम गाजली, कॉलेजांत शिकवली गेली, आणि लोक तिला येऊन सांगायला लागले की आता आम्हाला तुमचं दुःख समजलं. ती वैतागली. 2015 मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात तिनं स्वतःचे जुने बूट मांडले आणि सोबत पावलं मोजायचं यंत्र. हे बूट घालून चाला, एक मैल झाला की एक पॉइंट मिळेल. कितीही चाला, मिळणार तो पॉइंटच. चालणाऱ्याला जास्तीत जास्त एवढंच म्हणता येईल, की मी तिचे बूट घालून चाललो.

मला हा टोमणा आपल्यासाठी फार कामाचा वाटतो. आपली पिढी एखादी रील बघते, डोळे पुसते, स्टोरी टाकते आणि वर सरकते. गेमचंही तसंच व्हायला वेळ लागणार नाही. म्हणून माझं म्हणणं सोपं आहे. असल्या गेम एक्स-रेसारख्या वापरा. हाड कुठं मोडलंय ते एक्स-रे दाखवतो. तो बघून हळहळत बसलं तर हाड जुळत नाही.

मग करायचं काय?

पहिलं काम गेमचंच. कोलकात्याच्या लीना केजरीवाल यांनी 2016 मध्ये मुलींच्या तस्करीवर 'मिसिंग' नावाची मोबाइल गेम काढली. म्हणजे आपल्या देशात असे विषय गेममधून मांडता येतात. 'ट्वाइन' हे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात कोडिंग न येणाऱ्यालाही गोष्टीची गेम करता येते, आणि मराठीतूनही. कॉम्प्युटर सायन्सच्या पोरांनो, प्रोजेक्टला दरवर्षी तीच 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम' किती दिवस देणार? धाराशिवच्या केसपेपरची गेम करा. फक्त गोष्ट ज्याची आहे त्याला बरोबर घ्या, त्याचं नाव गुप्त ठेवा, आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या.

दुसरं काम मागणीचं. धाराशिवात 2022 पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तिथं महिन्यातून एक ठरलेला दिवस ट्रान्स व्यक्तींच्या ओपीडीचा असावा. मानसोपचारतज्ज्ञ, फिजिशियन, समुपदेशक, तिघं एका छताखाली. हार्मोनचा तज्ज्ञ इथं नसेल तर ई-संजीवनीवरून मुंबईच्या तज्ज्ञाशी बोलणं करून द्यावं, रक्त इथंच तपासावं. पोर्टलवरचा अर्ज त्याच दिवशी तिथंच भरून घ्यावा. यासाठी नवी इमारत लागत नाही. एक खोली, एक दिवस आणि एक फलक लागतो. केसपेपरवर 'हाक मारायचं नाव' असा रकाना वाढवायला तर फलकही लागत नाही.

तिसरं काम तुमच्यापैकी प्रत्येकाचं. एमबीबीएस, नर्सिंग, फार्मसी करणाऱ्यांनो, दोन-चार वर्षांत खिडकीच्या आतल्या बाजूला तुम्ही बसणार आहात. रुग्णाला कुठल्या नावानं हाक मारायची, हे हळू आवाजात विचारायला शिका. गोळ्या मागायला आलेल्याला हाकलू नका, डॉक्टरचा पत्ता द्या. एनएसएसवाल्यांनो, शिबिरात रस्ता झाडता ते चांगलंच आहे, एक दिवस टीजी प्लसची माहिती गावात वाटा. आणि वर्गात कुणी वेगळं चालतं-बोलतं म्हणून त्याला मागून जी हाक मारली जाते, ती मारू नका. तो रोज किती लेव्हल खेळून वर्गात येतो, ते तुम्हाला ठाऊक नाही.

या मागणीचं निवेदन मेडिकल कॉलेजच्या अधिष्ठात्यांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचं तर एक कागद पुरतो. मजकूर वर आहेच, खाली सह्या हव्यात. परंड्यापासून उमरग्यापर्यंत प्रत्येक कॉलेजातून दहा जरी आल्या तरी साहेबांना तो कागद नुसता बाजूला सारता येणार नाही. आज रात्री गेम लावायच्या आधी खोलीतल्या चौघांनी तो लिहून काढा.